हादग्याच्या गाण्यांच्या शेवटच्या ओळी गाळू नका

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील अंगणवाडी सेविका, बालवाडी शिक्षिका आणि बालगीतांच्या पुस्तिका तयार करणारे संपादक यांस

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पारंपरिक बडबडगीते आणि हादग्याची गाणी बालवाडीच्या पुस्तिकांत छापताना त्यांच्या ओळी बदलण्याची किंवा सरळ गाळून टाकण्याची जी पद्धत गेल्या काही वर्षांत रूढ होत चालली आहे, तिच्याविषयी हे पत्र आहे. मराठी शिकवून निवृत्त झाल्यामुळे अशा पुस्तिका ‘जरा नजर टाका’ म्हणून माझ्याकडे येत असतात. त्या मनापासून केलेल्या असतात, चित्रे चांगली असतात, छपाई पूर्वीपेक्षा कितीतरी सुबक असते. त्यामुळे करणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. शंका आहे ती गाणे ‘मुलांना योग्य’ करून घेण्याच्या कल्पनेविषयी.

अशाच एका पुस्तिकेत ‘अक्कणमाती चिक्कणमाती’ होते. हे गाणे आपणां सर्वांना पाठ आहे, तरी त्याची बांधणी पुन्हा एकदा बारकाईने पाहावी अशी विनंती आहे. माती सुरेख, म्हणून तिच्यात जाते रोवायचे. जाते सुरेख, म्हणून त्यावर सपीट काढायचे. सपिटाच्या करंज्या, करंज्यांना तबक, तबकाला शेला, शेल्यासकट पालखी, आणि पालखी थेट माहेरी. प्रत्येक ओळ मागच्या ओळीतली वस्तू हातात घेऊन पुढे जाते आणि प्रत्येक वस्तूला ‘सुरेख बाई’ हीच एक दाद मिळते. शेवटी माहेरही सुरेख ठरते, कारण तिथे खेळायला मिळते. आणि त्यापुढची, अखेरची ओळ येते: ‘अस्सं सासर द्वाड बाई कोंडून मारतं’. या पुस्तिकेत ही ओळ नव्हती. तिच्या जागी सासरही सुरेख असल्याची एक नवी ओळ बसवलेली होती. यमक बरोबर होते, मात्राही जुळत होत्या, पण गाणे संपले होते. ‘सुरेख’ हा शब्द इतक्या वेळा घोळवला जातो तो एका ‘द्वाड’साठी. चाल तीच राहते, टाळ्या त्याच राहतात, फेरही मोडत नाही, आणि त्या गोडव्यातच मारहाणीची बातमी सांगून टाकली जाते. रचनेचा असा ताबा एखाद्या कवीने दाखवला असता, तर आपण त्यावर परीक्षेत प्रश्न काढला असता.

‘चार-पाच वर्षांच्या मुलांच्या तोंडी असले मोठ्यांचे विषय कशाला?’ असा प्रश्न मला या संदर्भात विचारला गेला. प्रश्न रास्त आहे, पण तो एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे हा आशय मोठ्यांचा आहे. मुलींच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवणारा शारदा कायदा १९२९ सालचा; तो १९३० मध्ये अमलात आला. त्याआधी १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी बारा वर्षांची मर्यादा घातली तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे इतिहासाच्या पुस्तकात आहेच. म्हणजे ज्या काळात ही गाणी घडली, त्या काळात पाटाभोवती फेर धरणाऱ्या मुलींपैकी अनेकींची लग्ने आधीच लागलेली असत, आणि नव्या नवरीचे माहेरपण आणि हादगा या गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या असत. आज ज्याला आपण प्रौढांचा छुपा आशय म्हणतो, तो तेव्हा आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या उघड अनुभवाचा भाग होता. त्या गाण्यात मोठ्यांनी काही लपवलेले नाही. लहान मुलीने मोठ्यांच्या देखत, त्यांना रागावता येणार नाही अशा रीतीने, ते म्हणून घेतले आहे. अशी ओळ गाळताना आपण लहान मुलांना मोठ्यांच्या विषयापासून वाचवत नसून एका लहान मुलीचेच बोलणे मध्येच थांबवतो.

‘कारल्याचा वेल’ याच तोलाचे आहे. सुनेला माहेरी जायचे आहे आणि सासू नाही म्हणत नाही. ती फक्त एक एक अट घालते. वेल लाव, मग जा. कोंब येऊ दे, मग जा. फूल, मग कारले, मग भाजी, मग जेवण, मग उष्टी-खरकटी. इतके झाल्यावर मला काय विचारतेस, सासऱ्याला विचार. सासरा पुढे ढकलतो, दीर आणखी पुढे. कार्यालयात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलेल्या कोणालाही ही रचना ओळखीची वाटेल. हळूहळू वाढणारा वेल हे या गाण्यात वेळ मोजण्याचे साधन आहे, आणि वेल कारल्याचाच का, हे पोरांना विचारले तर तीसुद्धा तोंड वाकडे करून सांगतात. शेवट मात्र घराघरांत वेगळा आहे: कुठे नवरा पाठीत काठी घालतो, कुठे ‘आणा फणी घाला वेणी’ म्हणत राणीला माहेरी जाऊ देतो. पुस्तिकेत फणीचाच शेवट छापायचा, असा जणू नियमच झालेला दिसतो. दोन्ही शेवट छापायला किती जागा लागणार आहे? एकाच गाण्याला दोन शेवट असू शकतात आणि दोन्ही खरे असू शकतात, हे कळायला पाच वर्षांचे वय लहान नाही. त्या वयाची मुले गोष्टीचा शेवट रोज बदलून मागतात.

‘श्रीकांता कमलाकांता’विषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. वेड्याच्या बायकोने लाडू केले, त्याने चेंडू म्हणून खेळायला घेतले. करंज्या केल्या, त्याने होड्या म्हणून पाण्यात सोडल्या. मुले यावर खदखदून हसतात, कारण लाडवात चेंडू आणि करंजीत होडी त्यांनाही दिसतेच. वेड्याची नजर आणि मुलाची नजर इथे एकच आहे. त्याच वेळी गाणारी बाई ‘माझ्या नशिबी आलं’ हे पालुपद म्हणत असते, आणि ते ऐकणाऱ्या इतर बायांना कळत असते की चुलीपाशी घालवलेला एकेक दिवस असा पाण्यात जातो आहे. एका ओळीला दोन श्रोते आणि दोघांना दोन वेगळ्या गोष्टी ऐकू येणे, हे या साऱ्या गाण्यांचे मर्म मला वाटते, आणि ते इथे सर्वांत स्पष्ट दिसते. पण झोपलेल्या बायकोला मेलेली समजून जाळून टाकण्याचे शेवटचे कडवे, आणि मानसिक आजार असलेल्या माणसाला हसण्याची सवय, या दोन्ही गोष्टी बालवाडीत नकोत. हे गाणे सातवी-आठवीच्या वर्गात न्यावे, पूर्ण न्यावे, आणि मुलींना त्यावर बोलू द्यावे. कोणते गाणे कोणत्या वयाला, हा निर्णय आपण जरूर घ्यावा. गाण्याचे अंग कापून ते लहान करणे हा निर्णय नव्हे.

तान्ह्या मुलांच्या गाण्यांतही हेच दुहेरी कापड आहे. ‘ये रे ये रे पावसा’ घ्या. पैसा देऊ केला, तो खोटा निघाला आणि पाऊस तरीही मोठा आला. म्हणजे आपण केलेला नवस आणि आभाळाने केलेली कृती यांचा काही संबंध नाही. पुढे सरीला फक्त मडके भरायला सांगितले, तर ती धावत येऊन मडकेच घेऊन गेली. पर्जन्यछायेतल्या आपल्या जिल्ह्यात, जिथे पाणी येण्याचा दिवस घरातल्या बायकांना तोंडपाठ असतो आणि जिथे ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेच्या पुराने पंढरपुरात घरांत पाणी शिरले, तिथे दुष्काळ आणि पूर या दोन्ही भीती चार छोट्या ओळींत बसवणारे दुसरे काव्य मला माहीत नाही. ‘चांदोबा चांदोबा भागलास का’ मध्ये चिरेबंदी वाड्याचे आणि तूपरोटीचे आमंत्रण देऊन झाल्यावर तुपात माशी पडते आणि पाहुणा उपाशी राहतो. मामाचा वाडा म्हणजे गाणाऱ्या आईचे माहेर. ते लेकरापुढे मिरवता मिरवता शेवटी ती स्वतःच त्याची थट्टा करून मोकळी होते. ‘अडगुलं मडगुलं’ मधले सोन्याचे कडे ज्या घरांत गायले गेले, त्यांतल्या बहुतेक घरांत सोने नव्हते. आणि ‘करंगळी मरंगळी’त तोंडाला भाताचे बोळके, नाकाला वासाचे नळके म्हणणारी बाई मुलाला अवयव शिकवता शिकवता रूपक शिकवून जाते. बालवाडीच्या तक्त्यावर नाक, कान, डोळे यांची चित्रे टांगण्याआधी हे एवढे गाणे बोट धरून म्हटले, तर तक्त्याची घाई राहणार नाही.

मुलांचे वाङ्मय आणि मोठ्यांचे वाङ्मय अशी भिंत आपल्याकडे फार उशिरा उभी राहिली. काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे घर मेणाचे ही गोष्ट तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त आहे, तिथे चिऊच्या जागी साळई आहे एवढेच. तो बालवाङ्मय म्हणून लिहिलेला ग्रंथ नव्हे. भर पावसात दारात उभ्या असलेल्या शेजाऱ्याला ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते’ म्हणून ताटकळत ठेवणारी चिऊ चांगली की वाईट, हे ती गोष्ट सांगत नाही, आणि म्हणूनच ती अजून सांगितली जाते.

आपल्यापैकी पुष्कळजणी इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गांत शिकवतात, म्हणून त्या गाण्यांविषयीही चार शब्द. ‘रॉक-अ-बाय बेबी’ मध्ये फांदी मोडते आणि पाळण्यासकट बाळ खाली येते. सुमारे १७६५ च्या ‘मदर गूज’च्या पुस्तकात हे गाणे छापताना त्याखाली गर्विष्ठांनी आणि महत्त्वाकांक्षी लोकांनी धडा घ्यावा अशी टीपही जोडलेली होती. म्हणजे अंगाईत उपदेश सापडलाच पाहिजे हा हट्ट जुना आहे. १९५२ मध्ये जेफ्री हँडले-टेलर यांनी अशा २०० गाण्यांची झडती घेतली आणि निम्म्या गाण्यांत खून, मारहाण, चोरी असे काही ना काही आक्षेपार्ह असल्याची यादीच दिली. गाणी त्या यादीनंतरही टिकली.

याच्या उलट टोकाचा एक नाद सध्या मोबाइलवर फार पसरला आहे आणि त्यापासूनही सावध राहावे असे मला वाटते. ‘रिंग-अ-रिंग ओ’ रोझेस’ हे गाणे लंडनच्या १६६५ च्या प्लेगचे आहे, गुलाब म्हणजे अंगावरचे चट्टे आणि शेवटी खाली पडणे म्हणजे मरण, असा निरोप दरवर्षी कोणीतरी पाठवतेच. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने १९५१ मध्ये बालगीतांचा जो कोश केला, तेव्हापासून लोकसाहित्याचे अभ्यासक ही कथा मान्य करत नाहीत: इंग्लंडात हे गाणे छापलेले दिसते ते १८८१ मध्ये, आणि प्लेगचा अर्थ त्याला चिकटला तो थेट विसाव्या शतकात. कोणत्याही गाण्याखाली पुरलेले प्रेत शोधण्याची ही हौस ओळी गाळण्याइतकीच गाण्याला मारक आहे, कारण दोन्हीकडे समोरची ओळ कोणी वाचत नाही. हादग्याच्या गाण्यात काहीही उकरून काढावे लागत नाही. ‘कोंडून मारतं’ यात गुप्त काय आहे?

आता सोलापूरचे म्हणून काही. आपल्या बालवाडीत येणारे मूल घरी एका भाषेत झोपते, गल्लीत दुसऱ्या भाषेत भांडते आणि वर्गात तिसऱ्या भाषेत गाणे म्हणते. पूर्वभागातल्या पद्मशाली घरांत चांदोबाला ‘चंदमामा रावे, जाबिल्ली रावे’ म्हणून बोलावतात. तिथेही चंद्र मामाच असतो. इकडे हादगा असतो त्याच दिवसांच्या आसपास तिकडे बायका फुलांच्या उतरंडीभोवती बतुकम्माचा फेर धरतात, ‘उय्यालो’ हे पालुपद घेतात, आणि त्यांच्याही गाण्यांत सासरी गेलेल्या मुलीची तीच कहाणी असते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातल्या कन्नड घरांत ‘आने बंतोंदाने, यावूर आने, बिजापुरद आने’ असे एक गाणे म्हणतात. विजापूरचा हत्ती वाट चुकून आला, आणि मग वाटेला एक दुड्डू (म्हणजे पैसा), गल्लीला एक दुड्डू असा हिशेब सुरू होतो. ज्या शहराच्या किल्ल्यावरून आदिलशाही आणि निजामशाही वर्षानुवर्षे भांडल्या, त्या शहरात हे ऐकताना त्या दुड्डूंत जुनी खंडणी ऐकू आल्याशिवाय राहत नाही. पण तसा पुरावा कोणाकडे नाही, तेव्हा वर्गात हत्ती हत्तीच राहू द्यावा.

आपल्या पुस्तिकांत यातले काहीच येत नाही. सेविकांना मी हे सांगावे असे नाही, कारण त्या वस्त्यांत रोज त्याच जातात. विडी वळणारी बाई दाराशी मांडीवर सूप घेऊन बसते, दोन्ही हात पानात आणि तंबाखूत गुंतलेले, जुन्या लुगड्याची झोळी आढ्याला टांगलेली, आणि झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला. अंगठा हलतो त्या ठेक्यावर गाणे चालते आणि त्याच ठेक्यावर विडीला दोरा बसतो. त्या गाण्यात मुलाला झोप येण्यासाठी जे आहे ते सुरात आहे. शब्द बहुतेक वेळा कारखान्याविषयी, छाटणीत बाद झालेल्या विड्यांविषयी, नवऱ्याच्या दारूविषयी असतात. बाळाला शब्द कळत नाहीत, म्हणूनच ते त्याला सांगता येतात. अंगाईचा ‘प्रौढ आशय’ यापेक्षा वेगळा कुठे शोधायचा?

जात्यावरच्या ओव्यांचे असे काम महाराष्ट्रात झालेले आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ मध्ये बायकांच्या ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड संपादित केले, आणि हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गावोगावच्या बायकांकडून नोंदवून घेतल्या. या सर्वांनी ओव्या जशा गायल्या तशा घेतल्या. सासूचा अपमान होतो म्हणून कोणी ओवी टाकली नाही. बालवाडीच्या पुस्तिकेने तेवढेच करावे, इतकीच अपेक्षा आहे.

मुलाने ‘कोंडून मारतं म्हणजे काय?’ असे विचारलेच तर काय सांगायचे, ही शिक्षिकांची अडचण मला समजते. बहुतेक मुले विचारत नाहीत. ती पुढच्या गाण्याला लागतात. जे विचारते त्याला एका वाक्यात खरे उत्तर द्यावे: पूर्वी काही घरांत सुनेला त्रास देत असत, अजूनही कुठे कुठे देतात, आणि ते चूक आहे. क्वचित एखादे मूल ‘आमच्या घरी पण’ असे म्हणेल. ते वाक्य आपल्या वर्गात बोलले गेले, तर त्यात गाण्याचा दोष नाही, आणि ते ऐकून घेणारे माणूस त्या मुलाला बहुधा दुसरीकडे कुठे मिळणारही नसते. आठ वर्षांपर्यंत मुलांना शक्यतो घरच्या भाषेत शिकवावे असे २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात म्हटले आहे. घरची भाषा वर्गात आणायची आणि घर बाहेर ठेवायचे, हे कसे जमणार?

तेव्हा माझी मागणी अशी आहे. पुढच्या पुस्तिकेत पारंपरिक गाणे छापायचे असेल तर पूर्ण छापावे, पाठभेद असतील तर दोन्ही द्यावेत, आणि नवी ओळ कोणाला सुचलीच असेल तर तिने आपले स्वतंत्र गाणे लिहावे. त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. गाण्याच्या बांधणीविषयीचे अर्धे पान शिक्षिकांसाठी पुस्तिकेच्या मागे द्यावे, मुलांसाठी नव्हे. आणि येत्या हादग्याच्या व बतुकम्माच्या दिवसांत प्रत्येक अंगणवाडीने आपल्या वस्तीतल्या आई-आज्यांची निदान दोन-तीन गाणी मोबाइलवर नोंदवून घ्यावीत, मग ती मराठी असोत, तेलुगू, कन्नड किंवा दखनी. गाव, भाषा आणि गाणे कोणाकडून ऐकले एवढी नोंद पुरे. आपल्या विद्यापीठातील मराठीच्या विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून देता येईल, आणि ध्वनिमुद्रणे एका ठिकाणी जपण्याची जबाबदारीही विद्यापीठाच्या ग्रंथालयाला घेता येईल.

नोंदवताना गाणारीची परवानगी आधी घ्यावी, नाव छापायचे की नाही हे तिलाच ठरवू द्यावे, आणि सासू शेजारी बसलेली असताना सून एखादे कडवे गिळते आहे असे वाटले, तर आग्रह न करता दुपारी ती एकटी असेल तेव्हा पुन्हा जावे.

कळावे,
आपली नम्र,
मराठीची एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर